पोटभाडेकरू शांतता

ॲव्हरोने पुणे-मुंबई केलेली माणसे आता सत्तरीच्या आसपास असतील. इंडियन एअरलाइन्सचे ते दोन पंख्यांचे विमान. मूळ रचना ब्रिटिश, बांधणी कानपूरची, कागदोपत्री नाव एचएस-748. जागेवर बसले की हवाईसुंदरी तबकातून गोळ्या आणि कापूस घेऊन यायची. गोळी कानात दडे बसू नयेत म्हणून, कापूस आवाजासाठी. पण बोळे घालूनही तो आवाज फारसा हटत नसे, कारण तो कानांपेक्षा छातीत जास्त ऐकू यायचा.

त्या आवाजाला एक ठरलेला स्वर होता. विमान उंची गाठून स्थिरावले की चार पात्यांचा पंखा सेकंदाला 22 फेरे घ्यायचा. प्रत्येक पाते केबिनच्या भिंतीजवळून जाताना पत्र्यावर हवेची एक थाप मारायचे. सेकंदाला 88 थापा, म्हणजे 88 हर्ट्झ. पेटीच्या डाव्या टोकाच्या, क्वचितच बोट लागणाऱ्या पट्ट्यांपाशी असतो तसला खर्ज, आणि तो प्रवास संपेपर्यंत अखंड.

1988 साली ब्रिटनमध्ये याच जातीचे एक विमान निराळ्याच कामासाठी आकाशात गेले. केबिनमध्ये 16 स्पीकर आणि 32 मायक्रोफोन बसवलेले, जिकडेतिकडे तारा, आणि त्या साऱ्या तारा एका संगणकाला जोडलेल्या. प्रयोग साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या ध्वनी आणि कंपन संशोधन संस्थेतल्या स्टीफन एलियट, फिलिप नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. स्पीकरांमधून त्यांनी आणखी आवाज सोडला, तोही त्याच 88 हर्ट्झचा. आणि केबिनमधला तो खर्ज दहा डेसिबलच्या आसपास खाली गेला.

आवाजात आवाज मिसळला की तो वाढतो, हे आपल्याला लग्नाच्या मांडवात आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत पुरेपूर पटलेले असते. मग हे कसे झाले? झोपाळा आठवावा. झोपाळा पुढे जाताना मागून हात लावला तर झोका चढतो. तोच हात झोपाळा आपल्याकडे येत असताना पुढे केला तर झोका मोडतो. जोर तोच, हात तोच, फरक फक्त वेळेचा. ध्वनी म्हणजे हवेचा झोकाच. हवा दाबली जाते, सैल होते, पुन्हा दाबली जाते. मूळ आवाज हवा दाबत असेल नेमक्या त्या क्षणी स्पीकरने ती तेवढीच सैल केली, तर कानाच्या पडद्यापाशी हवा जवळजवळ स्थिर राहते. याला मी या लेखात उलटा आवाज म्हणणार आहे. इंग्रजी नावे भारदस्त आहेत, पण मुद्दा एवढाच आहे.

विमान आकाशात गेले तेव्हा ही कल्पना पंचावन्न वर्षांची झाली होती. इतकी साधी कल्पना मोटारीत यायला आणखी बराच काळ गेला. आली तीसुद्धा मालकीच्या घरात नाही. दुसऱ्या कोणी भाडे भरले, तेव्हा पोटभाडेकरू म्हणून आली. मला तरी हा इतिहास ध्वनिशास्त्राइतकाच भाडे कोणी भरले याचा वाटतो.

पाउल लुएग या जर्मन संशोधकाने आपल्या देशात पेटंटसाठी अर्ज केला तो 27 जानेवारी 1933 रोजी. तीन दिवसांनी हिटलर चॅन्सलर झाला. अमेरिकेतला अर्ज पुढच्या वर्षीचा, आणि ते पेटंट मंजूर झाले 9 जून 1936 ला. क्रमांक 20,43,416. त्यातल्या आकृत्या आजही शिकवताना फळ्यावर काढल्या जातात. एक नळी, नळीतून जाणारा आवाज, वाटेत एक मायक्रोफोन, पुढे थोड्या अंतरावर एक स्पीकर. मायक्रोफोनने आवाज पकडला की तो विजेच्या वेगाने पुढे जातो आणि खुद्द आवाज नळीतून आपल्या चालीने येतो. त्यामुळे स्पीकरला तयारीला वेळ मिळतो, आणि आवाज त्याच्यापाशी पोहोचतो तेव्हा उलटा आवाज दारात उभा असतो. (पॅरिसमध्ये हेन्री कोआंदा या रुमेनियन विमानतज्ज्ञाने 1930 सालीच अशा धर्तीचा एक अर्ज केला होता. पण आवाज उलटा कसा करायचा याचे नीट उत्तर लुएगच्या कागदात आहे.)

कागदावर चूक काढायला जागा नव्हती. अडचण होती ती काचेच्या व्हॉल्व्हच्या रेडिओंच्या त्या जमान्याची. उलटा आवाज थोडा उशिरा पोहोचला किंवा थोडा जास्त मोठा निघाला, तर शांतता राहते बाजूला आणि मूळ गोंगाटात भरच पडते. व्हॉल्व्ह तापले की त्यांची चाल बदलते, हवा तापली की ध्वनीचा वेग बदलतो. सतत कोणीतरी कान देऊन बटणे फिरवत राहायला हवे, आणि त्या कोणाचा शोध अजून लागायचा होता.

1953 साली अमेरिकेत प्रिन्स्टनच्या आरसीए प्रयोगशाळेत हॅरी ओल्सन आणि एव्हरेट मे यांनी वेगळी वाट धरली. अख्खी खोली शांत करण्याचा नाद त्यांनी सोडला आणि फक्त डोक्याभोवतीची थोडी जागा घेतली. त्यांच्या निबंधातल्या एका चित्रात विमानात किंवा मोटारीत बसलेला प्रवासी आहे. त्याच्या डोक्यामागे, आसनाच्या टेकणीत, मायक्रोफोन आणि स्पीकर असलेली एक पेटी आहे. माणूस निवांत दिसतो. ही पेटी एकाही मोटारीत लागली नाही, पण हे चित्र लक्षात ठेवावे. शेवटी ते पुन्हा लागणार आहे.

तीन वर्षांनी, 1956 साली, जनरल इलेक्ट्रिकच्या विल्यम कॉनोव्हरने विजेच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरशी हाच खेळ केला. ट्रान्सफॉर्मरची गुणगुण ही सर्वांत सोपी शिकार होती. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, म्हणून गुणगुण 120 हर्ट्झची आणि तिच्या पटींची. तिच्यात कधी बदल नाही. कॉनोव्हरने समोर स्पीकर लावले आणि हाताने जुळवाजुळव केली. एका अरुंद दिशेला आवाज खरोखर बसला. चार पावले बाजूला सरकले की तो उलट वाढलेला. शिवाय हवा पालटली की पुन्हा जुळवणी. एका दिशेच्या शांततेसाठी बटणांपाशी माणूस बसवणे कोणत्याही वीज कंपनीला परवडणारे नव्हते.

बटणे फिरवणारा माणूस सापडला तो आवाजाशी काहीच संबंध नसलेल्या ठिकाणी. 1959 च्या शरदातली एक शुक्रवारची दुपार. स्टॅनफर्ड विद्यापीठात बर्नार्ड विड्रो या तरुण प्राध्यापकाकडे टेड हॉफ नावाचा विद्यार्थी पहिल्यांदाच आला होता. बोलता बोलता दोघे फळ्याशी उभे राहिले. यंत्राने स्वतःच्या चुकीवरून स्वतःला कसे सुधारावे, याचे एक अत्यंत सोपे सूत्र त्यांच्या हाती लागले. समोरच्या दालनातल्या संगणकावर त्यांनी ते त्याच दुपारी चालवून पाहिले. शनिवार-रविवारी विद्यापीठाचे भांडार बंद, म्हणून गावातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून भाग आणून त्यांनी यंत्रच जोडले. हाच हॉफ पुढे इंटेलमध्ये गेला आणि जगातल्या पहिल्या मायक्रोप्रोसेसरच्या कर्त्यांपैकी एक झाला. ती कीर्ती वेगळी. आपल्या गोष्टीत त्याचे मोठेपण त्या शुक्रवारचे आहे.

सूत्र समजायला तंबोरा पुरेसा आहे. तार जुळवणारा माणूस गणित करत नाही. तार छेडतो, किती कमी-जास्त आहे ते ऐकतो आणि खुंटी किंचित पिळतो. पुन्हा छेडतो, पुन्हा किंचित. चूक मोठी असेल तर पीळ मोठा, चूक थोडी असेल तर मणी हलवून भागते. विड्रो-हॉफ यांच्या रीतीत यापलीकडे काही नाही. फरक एवढाच की ती सेकंदाला हजारो वेळा खुंटी पिळते आणि तिला कंटाळा येत नाही. कानाच्या जागी मायक्रोफोन, खुंटीच्या जागी आकडे.

पण आकडे इतक्या वेगाने फिरवणारी चिप 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मोटारीत ठेवण्याजोगी नव्हती. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने ध्वनीच्या गणितासाठीच बनवलेली चिप त्या सुमारास बाजारात आणली आणि मग प्रयोगशाळांची रांग लागली. त्याआधी, 1970 च्या दशकात, इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात जॉर्ज चॅप्लिन यांनी एक मार्मिक गोष्ट ओळखली होती. इंजिनाचा आवाज ऐकत बसण्याची गरजच काय? इंजिन फिरते, आणि प्रत्येक फेऱ्यात जवळजवळ तोच आवाज पुन्हा करते. फेरा कुठवर आला एवढे कळले की पुढचा आवाज आधीच माहीत. म्हणजे लुएगची आगाऊ खबर देणारी नळी मोटारीत बसवायची गरज नव्हती. इंजिनाच्या फेऱ्यांची सूचना देणारी एक तार पुरे होती.

आता मोटारीत बसू. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. फेरे मिनिटाला 2500 असतील तर सेकंदाला सुमारे 83 धक्के. दुसरीकडे, केबिनची आतली लांबी साधारण दोन मीटर धरली आणि ध्वनीचा वेग सेकंदाला 340 मीटर, तर या बंद डब्यात जो स्वर नैसर्गिकपणे घुमतो तो 85 हर्ट्झच्या आसपास येतो. दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. इंजिन नेमक्या त्या वेगाला आले की अख्खी गाडी घागरीसारखी घुमते. मागच्या काचेपाशी ते सर्वांत जास्त, म्हणून मागे बसलेल्यांची डोकी जड होतात. काच दोन बोटे खाली केली की कमी होते, आणि चालक म्हणतो, एसी चालू आहे, काच वर घ्या.

या घुमण्यावर जुना उपाय होता जड होण्याचा. पत्र्याला आतून डांबरी चादर चिकटवायची, दारात नमदा भरायचा, इंजिनाखाली मऊ रबराची माउंटिंग घालायची. वरच्या पट्टीतल्या किणकिणाटाला हे उत्तम. पण 100 हर्ट्झच्या तरंगाची लांबी तीन मीटरहून जास्त. त्याला अडवायला नमदा किती जाड हवा, याचा विचारही करवत नाही. आणि 1973 च्या तेलसंकटानंतर कारखान्यांत एकच धोशा होता, वजन कमी करा. गाड्या हलक्या झाल्या, सहाची चार सिलिंडर झाली, पत्रा पातळ झाला आणि घुमणे वाढले. उलट्या आवाजाला इथे पहिल्यांदा घर दाखवले गेले. गंमत अशी की जाड नमदा जिथे हरतो त्याच खालच्या पट्टीत उलटा आवाज सर्वांत चांगला चालतो. तरंग लांब असला की शांततेचा पट्टाही मोठा मिळतो, तरंगलांबीच्या साधारण दहाव्या भागाइतका. 100 हर्ट्झला वीतभराहून जास्त, म्हणजे डोके मावेल इतका. 1000 हर्ट्झला जेमतेम तीन सेंटिमीटर. मान वळवली की संपला.

नॉरफोक परगण्यातल्या हेथेल गावी लोटस ही मोटार कंपनी आहे. 1980 च्या दशकात तिथले अभियंते आणि साउदॅम्प्टनचे ध्वनिशास्त्रज्ञ एकत्र आले. अनेक मायक्रोफोन आणि अनेक स्पीकर एकाच वेळी जुळवण्याची रीत एलियट, स्टोदर्स आणि नेल्सन यांनी 1987 साली प्रसिद्ध केली, आणि घुमणे थांबवून दाखवणाऱ्या गाड्या हेथेलला फिरू लागल्या.

लोटसला हे सुचणे साहजिक होते, कारण आवाजाच्या आधी त्यांनी हीच उलटी रीत कंपनावर लावली होती. संस्थापक कॉलिन चॅपमन यांच्या हयातीतच फॉर्म्युला वनच्या गाडीतल्या स्प्रिंगा काढून तिथे संगणकाने चालणारे हायड्रॉलिक दट्टे बसवण्याचे काम सुरू झाले होते. स्प्रिंग खड्डा सोसते. दट्ट्याने खड्डा ओळखून चाक स्वतःहून उचलायचे किंवा दाबायचे होते. 1983 चा पहिला प्रयत्न जड आणि अडखळता ठरला. 1987 ची पिवळी लोटस 99टी मात्र आयर्टन सेनाच्या हातात होती. 31 मे रोजी मोनॅकोत त्याने शर्यत जिंकली. संगणकाने चालणाऱ्या निलंबनावर, म्हणजे सस्पेन्शनवर, जिंकलेली ती फॉर्म्युला वनची पहिली शर्यत. तीन आठवड्यांनी डेट्रॉइट. तिथला शर्यतीचा मार्ग म्हणजे शहराचे रोजचेच रस्ते, उंचसखल आणि ठिगळे लावलेले. सेनाने अख्ख्या शर्यतीत टायर बदलले नाहीत आणि जिंकला. टायर रस्त्यावर आपटत नव्हते, म्हणून झिजत नव्हते. पुढे विल्यम्स संघाने 1992 चे वर्ष याच विद्येवर गाजवले आणि 1994 पासून फॉर्म्युला वनने तिच्यावर बंदी घातली. शर्यतीत जिंकल्यामुळे हद्दपार झालेली विद्या रस्त्यावरच्या गाडीत महाग म्हणून फारशी शिरू शकली नाही. तिला दोन्ही दारे जवळजवळ बंद.

या बंद दारावर सर्वांत जास्त वर्षे धडका दिल्या त्या अमर बोस यांनी. वडील नोनी गोपाल बोस हे बंगालचे क्रांतिकारक, ब्रिटिशांच्या कैदेतून सुटून फिलाडेल्फियाला गेलेले. मुलगा एमआयटीत प्राध्यापक झाला आणि स्पीकरची कंपनी काढून बसला. 1978 साली झुरिकहून बॉस्टनला येताना विमानात मिळालेल्या हेडफोनवर इंजिनाच्या घरघरीत संगीत ऐकू येईना, तेव्हा त्यांनी तिथेच कागदावर गणित मांडायला घेतले. हेडफोनची ती गोष्ट आता सर्वांना माहीत आहे. 1980 पासून त्यांनी मोटारीच्या निलंबनाचेही काम काढले होते, ते मात्र कमी लोकांना ठाऊक असते. चोवीस वर्षे ते गाजावाजाशिवाय चालले. 2004 साली त्यांनी एक जुनी लेक्सस एलएस-400 लोकांपुढे आणली. प्रत्येक चाकापाशी स्प्रिंगेच्या जागी सरळ रेषेत धावणारी विजेची मोटर. गाडी उंचवट्यांवरून जाताना चाके शिवणयंत्राच्या सुईसारखी वरखाली होत होती आणि वरचे छत पाण्यासारखे सपाट चालले होते. प्रात्यक्षिकात ती गाडी आडव्या ठोकळ्यावरून उडीही मारायची. लोक थक्क झाले. गिऱ्हाईक एकही मिळाले नाही. जड आणि महाग. शेवटी ती विद्या ट्रकचालकाच्या आसनात गेली, कारण तिथे हलवायचा होता फक्त एक माणूस. उरलेले सारे 2017 मध्ये क्लिअरमोशन या छोट्या कंपनीने विकत घेतले, आणि त्याच कंपनीची यंत्रणा पुढे चीनच्या निओ ईटी9 या महागड्या विजेच्या गाडीत लागली.

आवाजाकडे परत येऊ. उलटा आवाज घेऊन कारखान्यातून बाहेर पडलेली पहिली गाडी होती निसानची ब्लूबर्ड, 1991-92 सालची, जपानी बाजारासाठी. इंजिनाच्या घुमण्यावर तिचा रोख होता. यंत्रणा काम करत होती, पण तिच्यासाठी सारे साहित्य वेगळे घालावे लागत होते. गिऱ्हाइकाने शोरूममध्ये येऊन या शांततेचे किती पैसे, असे विचारले की विक्रेत्याकडे दाखवायला काही नसे. चामड्याची आसने दिसतात. न ऐकू येणारा आवाज दाखवायचा कसा? स्वतःच्या नावावर घर घ्यायला गेलेली ही कल्पना तिथेच मागे फिरली.

पोटभाड्याची खोली पहिल्यांदा दिली होंडाने. 2000 साली होंडाच्या अकॉर्ड वॅगनमध्ये 40 हर्ट्झच्या आसपासचा एक हट्टी आवाज होता. तो इंजिनाचा नव्हता. खडबडीत रस्त्यावर लांब, पोकळ वॅगनचे अंग ढोलासारखे वाजायचे. होंडाच्या अभियंत्यांनी त्याच्यावर उलटा आवाज सोडला तो गाडीत आधीपासून असलेल्या संगीतसंचाच्या स्पीकरमधून. ढोल दहा डेसिबल खाली बसला. स्पीकरचे पैसे गाण्यांच्या खात्यावर आधीच पडलेले होते.

आणि भाडे भरणारा खरा धनी 2003 साली आला. होंडाच्या इन्स्पायर गाडीत सहा सिलिंडरचे इंजिन होते. सपाट रस्त्यावर जोर लागत नसेल तेव्हा त्यातली तीन सिलिंडर बंद पडायची आणि पेट्रोल वाचायचे. पण सहांची तीन झाली की थापा निम्म्या होतात. मिनिटाला 2000 फेऱ्यांना सहा सिलिंडर 100 हर्ट्झ देतात, तीन देतात 50. थाप विरळ, पण जड. गाडी थरथरते आणि गिऱ्हाईक सर्व्हिस सेंटरला येऊन इंजिन फुटल्याची तक्रार करते. म्हणून होंडाने दोन गोष्टी सोबत दिल्या. केबिनमध्ये मायक्रोफोन आणि उलटा आवाज, आणि इंजिनाखाली विजेने हलणारी माउंटिंग. इंजिन खाली दाबू लागले की माउंटिंग नेमकी तेवढीच सैल पडायची. म्हणजे धक्का चेसीपर्यंत जाण्याआधीच जिरायचा.

आता खरेदी विभागाने मालाकडे बघण्याची तऱ्हाच बदलली. प्रश्न शांततेच्या किमतीचा राहिला नाही. ही यंत्रणा नसेल तर सिलिंडर बंद करता येत नाहीत, आणि ती बंद झाली नाहीत तर मायलेज मिळत नाही, असा हिशेब झाला. 2009 मध्ये बाजारात आलेल्या शेव्हरोले इक्विनॉक्समध्ये जनरल मोटर्सने तेच केले. चार सिलिंडरचे इंजिन पेट्रोल वाचावे म्हणून मंद फेऱ्यांवर चालवायचे, त्याने गाडी घुमणार, आणि घुमणे छतातले मायक्रोफोन आणि संगीताचे स्पीकर मिळून आवरणार. 2012 च्या ऑडी एस8 मध्ये आठांतली चार सिलिंडर विश्रांती घ्यायची, तिथेही हाच जोडा. प्रवाशांना वाटले कंपनीने आपल्या कानांची काळजी घेतली. काळजी टाकीची होती.

रस्त्याचा आवाज मात्र राहिला होता. इंजिन निदान फेऱ्यांच्या तालात वाजते. खडी, डांबराचे ठिगळ, पुलाचा सांधा यांना ताल नाही, आधी सूचना नाही. चारही चाके वेगवेगळे बोलतात आणि प्रत्येक चाक पुढेमागे, वरखाली, आडवे असे सगळीकडे हादरते. चाकाचा हादरा कानापर्यंत आवाज होऊन यायला सेकंदाचा शंभरावा भागही लागत नाही. तेवढ्यात तो ओळखायचा, उलटा करायचा आणि स्पीकरमधून बाहेर काढायचा. विजेच्या गाड्या आल्या तेव्हा हा प्रश्न ऐरणीवर आला, कारण इतकी वर्षे इंजिनाच्या घरघरीमागे लपलेली टायरची गरगर उघडी पडली. ह्युंदाईने नोव्हेंबर 2019 मध्ये सहा वर्षांच्या कामानंतर जाहीर केले की चाकांपाशी कंपन मोजणारे संवेदक बसवून, सेकंदाच्या 2 हजारांशांत गणित आटोपून, केबिनमधला रस्त्याचा आवाज 3 डेसिबलने कमी करता येतो. जेनेसिस जीव्ही80 मध्ये ते आले. 3 डेसिबल म्हणजे निम्मा आवाज, असे जाहिरातीत म्हणायची पद्धत आहे. ऊर्जा निम्मी होते हे खरे. कानाला निम्मे वाटायला मात्र दहा डेसिबल लागतात. पण मायक्रोफोनसमोर चाललेल्या या लढाईत तीनचीसुद्धा किंमत काय, हे एनव्हीएचवाल्यांना विचारावे. पुण्याच्या वाहन कारखान्यांत ही तीन अक्षरे इंग्रजीतच बोलली जातात, नॉइज, व्हायब्रेशन, हार्शनेस. त्यातल्या शेवटच्याला मराठी शब्द शोधायच्या भानगडीत कोणी पडत नाही.

एकीकडे गाडी आतून शांत होत चालली असताना बाहेर वेगळेच घडत होते. 2008 साली हेथेलच्या त्याच लोटसने एक टोयोटा प्रियस घेतली आणि तिच्या नाकाशी स्पीकर बसवला. विजेवर चालताना प्रियसचा आवाज येत नसे, आणि अंध माणसाला ती आल्याचे कळत नसे. म्हणून तो स्पीकर खऱ्या इंजिनासारखा आवाज काढायचा, वेगाबरोबर चढता-उतरता. आवाज मारण्यासाठी घडवलेली विद्या त्यांनी आवाज जन्माला घालायला लावली. गणितात फारसे बदलावे लागत नाही, एक वजाचे चिन्ह तेवढे. युरोपात 1 जुलै 2019 पासून विजेच्या नव्या मॉडेलांना ताशी 20 किलोमीटरपर्यंत आणि मागे घेताना आवाज करणे सक्तीचे झाले. तोवर बीएमडब्ल्यूने 2011 च्या एम5 मध्ये इंजिनाचा आवाज आतल्या स्पीकरमधून वाढवून ऐकवायला सुरुवात केलीच होती. काचा आणि नमदे इतके चांगले झाले होते की मालकाला आपल्या इंजिनाची डरकाळी ऐकू येईना. आधी आवाज पैसे खर्चून घालवायचा, मग तोच पैसे खर्चून परत आणायचा.

2022 च्या रेंज रोव्हरमध्ये चाकांच्या कमानींत मायक्रोफोन आहेत आणि आत 35 स्पीकर. त्यातले काही चार मुख्य आसनांच्या टेकणीत, डोक्यामागे, प्रत्येकी दोन, 60 मिलिमीटर व्यासाचे. प्रिन्स्टनच्या त्या 1953 च्या चित्रात पेटी होती नेमकी तिथे. मे 2024 मध्ये या गाडीची जोडणी पुण्यात होणार असल्याचे जाहीर झाले. तोवर ती इंग्लंडमधल्या सॉलिहलच्या बाहेर कुठेच होत नव्हती. टेकणीतल्या त्या जोडीला तारा येतात संगीतसंचाकडून, आणि मागवताना तिचे नाव गाण्यांच्या यादीत असते. मागच्या आसनावरचा माणूस डोके टेकून डोळे मिटतो, कुठलेसे गाणे लागलेले असते, आणि त्याच दोन स्पीकरमधून, त्या गाण्याच्या खालून, मागच्या डाव्या चाकाखालचा रस्ता उलटा होऊन वाजत असतो.